स्मोकी व्हिस्की घ्यायचीय, पण बजेटमध्ये: निवडायची कशी आणि तुलना कशी करायची

व्हिस्कीत धूर स्वस्त असतो, महाग असतं ते वय. एवढं एक डोक्यात ठेवून वाईन शॉपच्या काउंटरवर उभं राहिलात तरी बरेच पैसे वाचतात. पण होतं काय, यूट्यूबवर कुणीतरी लॅगावुलिन 16 चा (16 वर्षं मुरलेली महागडी स्मोकी स्कॉच) ग्लास फिरवताना दिसतो, आपण उत्साहात दुकानात जाऊन भाव विचारतो, भाव ऐकून नेहमीचीच बाटली घेऊन घरी येतो आणि स्मोकी हे आपलं काम नाही असं ठरवून मोकळे होतो. तर आपलंही काम आहे ते, फक्त पैसे कुठे टाकायचे आणि कुठे नाही हे कळलं पाहिजे.

कायद्याचं आधी उरकून घेतो. महाराष्ट्रात हार्ड लिकरला वय 25 पूर्ण लागतं आणि परमिटही लागतं, एका दिवसाचं 5 रुपयांचं किंवा मग वर्षाचं, आजन्म. गोव्यात वय 21. पिऊन गाडी चालवायची नाही, हे वेगळं सांगायला लागू नये.

आता मुद्द्यावर.

धूर येतो कुठून

सातूला, म्हणजे बार्लीला, मोड आणतात आणि मोड जास्त वाढू नयेत म्हणून दाणे भट्टीत सुकवतात. भट्टी नुसत्या गरम हवेवर चालवली तर धुराचा प्रश्नच नाही. पण खाली पीट जाळलं (पीट म्हणजे दलदलीत हजारो वर्षं कुजून दबलेलं शेवाळ-गवत, ते कापून वाळवतात) तर त्याचा धूर ओलसर दाण्यांना चिकटतो, आणि मग आंबवणं, गाळणं (म्हणजे डिस्टिल करणं), पिंपात मुरणं हे सगळं होऊनही तो बराच शिल्लक राहतो. ही सगळी गंमत फिनॉल जातीच्या रसायनांची. त्यातलं ग्वायाकॉल म्हणजे आपल्याला कळणारा लाकडी धूर आणि क्रेसॉल म्हणजे तो दवाखान्याचा, आयोडीनचा वास.

म्हणजे बघा, धूर द्यायला कारखान्याला लागतं काय तर थोडं पीट आणि भट्टीतले काही तास. त्यात मोठा खर्च नाही. खर्च आहे तो पिंप बारा-सोळा वर्षं गोदामात ठेवण्यात, कारण तेवढी वर्षं पैसा अडकून पडतो आणि स्कॉटलंडमध्ये दरवर्षी साधारण 2 टक्के माल हवेत उडून जातो तो वेगळा. वर गंमत अशी की पिंपात जसजशी वर्षं जातात तसतसा धूर मंद होत जातो. म्हणजे धुरासाठी व्हिस्की घेणाऱ्याने जास्त वयाची बाटली घेतली तर तो जास्त पैसे देऊन कमी धूर विकत घेतोय. आर्डबेगवाल्यांनी 2020 मध्ये वी बीस्टी नावाची फक्त 5 वर्षांची व्हिस्की काढली, 47.4 टक्क्यांची, आणि तिचं कमी वय लपवायच्या ऐवजी तेच पुढे करून विकली. मोठ्या वयाच्या व्हिस्कीला स्वतःची मजा असते, नाही असं नाही, लॅगावुलिन 16 उगाच प्रसिद्ध नाही, पण ती मजा धुराची कमी आणि मुरण्याची जास्त असते. बजेट टाईट असेल तर ती पुढच्या बोनसला.

काउंटरवर होणारे घोळ

पहिला घोळ चारकोलचा. जॅक डॅनियल्स मेपलच्या कोळशातून गाळतात, बर्बनची पिंपं आतून जाळलेली असतात, आणि दुकानातला पोऱ्या बिनधास्त सांगतो की साहेब ही स्मोकी आहे. नाही. जळलेल्या पिंपातून व्हॅनिला, कॅरॅमल, ओक असलं काहीतरी येतं, कोळशातून गाळल्याने व्हिस्की मऊ होते, पीटचा धूर यातल्या कशातूनच येत नाही. लेबलवर पीट किंवा पीटेड असा शब्द शोधायचा, नुसतं स्मोक किंवा चार्ड लिहिलेलं बघून खूश व्हायचं नाही.

दुसरा घोळ आयलाचा (बेटाचा उच्चार खरंच तसा आहे, हसून घ्या). स्कॉटलंडच्या पश्चिमेचं हे बेट धुरासाठी प्रसिद्ध आहे, लाफ्रॉएग, आर्डबेग, लॅगावुलिन, कॉल ईला, बोमोर सगळे तिथलेच. पण त्याच बेटावरची ब्रुकलॅडीची नेहमीची व्हिस्की बिनधुराची असते आणि बुन्नाहाभाईनचीही बरीचशी तशीच. त्यामुळे बाटलीवर आयला दिसलं म्हणजे धूर आलाच असं नाही. उलट टॅलिस्कर आयलाची नाही, स्काय नावाच्या दुसऱ्याच बेटावरची, पण धूर चांगला खणखणीत.

तिसरा घोळ पीपीएमचा, म्हणजे दहा लाख भागांत धुराची रसायनं किती भाग त्याचा. हा आकडा जरा वाचन केलेल्या लोकांच्या तोंडी फार असतो. आर्डबेग 55 च्या आसपास, लाफ्रॉएग 40-45, लॅगावुलिन आणि कॉल ईला साधारण 35, बोमोर 25, आणि ऑक्टोमोर तर शंभराच्या वर. पण हा आकडा भट्टीतून निघालेल्या दाण्यांचा असतो, बाटलीतल्या दारूचा नाही. डिस्टिल करताना धुराचा माल शेवटी शेवटी येतो, त्यामुळे कारखाना कुठे थांबतो, भांडी कशी आहेत, यावर बाटलीत किती उतरणार ते ठरतं. लॅगावुलिन आणि कॉल ईला दोघांचाही सातू पोर्ट एलनच्या एकाच माल्टिंगमधून येतो, धूरही जवळपास सारखाच दिलेला, तरी कॉल ईला हलकी, स्वच्छ लागते आणि लॅगावुलिन जाड, गोडसर. म्हणून पीपीएम बघून अंदाज घ्यायचा, जास्तीच्या पीपीएमला जास्तीचे पैसे द्यायचे नाहीत.

तुम्हाला कुठला धूर हवाय हे ठरवा, बाटली नंतर. एक असतो दवाखानी धूर, आयोडीन, समुद्राचं खारं, ओलं दोरखंड, तो लाफ्रॉएगकडे सगळ्यात जास्त. हा काहींना पहिल्या घोटात आवडतो आणि काहींना जन्मात आवडत नाही, त्यामुळे न चाखता याची अख्खी बाटली घेणं म्हणजे जुगार. दुसरा कोरडा, चुलीतल्या राखेचा, मातीचा, तो हायलँडच्या पीटचा, उदाहरणार्थ आर्डमोर. तिसरा नुसता मागून येणारा, आधी गोड आणि घोट उतरल्यावर हळूच धूर, तसा जॉनी वॉकर ब्लॅक लेबलमध्ये असतो. ज्यांनी कधीच स्मोकी घेतलेली नाही त्यांनी तिसऱ्यापासून सुरुवात करावी हे माझं स्पष्ट मत, थेट लाफ्रॉएग पाजून मित्रांना कायमचं पळवून लावणारे हौशी लोक मला माहितीयत.

बाटली हातात घेऊन काय वाचायचं

बॉक्स बाजूला ठेवा. बॉक्सवरचं हरणाचं चित्र आणि सोनेरी अक्षरं यांचे पैसे तुम्हीच देताय. बाटली फिरवून मागचं लेबल वाचा, अक्षरं बारीक असतात, मोबाईलचा टॉर्च लावला तरी चालेल, दुकानदार काही म्हणत नाही.

सगळ्यात आधी टक्के बघा. भारतात बाटलीबंद झालेल्या बहुतेक व्हिस्कीवर 42.8 टक्के असतं, हा आकडा जुन्या ब्रिटिश मापातल्या 75 डिग्री प्रूफचा. बाहेरून बाटलीबंद होऊन आलेल्या स्कॉचवर 40, 43 किंवा 46 दिसेल. 46 दिसलं तर जरा थांबा. साधारण त्या टक्क्याच्या खाली गेलं की थंडीत किंवा बर्फ घातल्यावर व्हिस्की गढूळ दिसू शकते, म्हणून बरेच कारखाने ती थंड करून गाळून घेतात आणि त्यात थोडा तेलकटपणा, थोडी चव जाते. 46 आणि वरच्या बऱ्याच बाटल्यांवर नॉन चिल फिल्टर्ड लिहिलेलं असतं. स्मोकी व्हिस्कीत हा जाडपणा जिभेला लगेच कळतो.

मग घटक. आपल्याकडच्या स्वस्त व्हिस्क्यांपैकी बऱ्याच न्यूट्रल स्पिरिटमध्ये (जवळपास बिनचवीचा अल्कोहोल) थोडा माल्ट, म्हणजे मोड आणलेल्या सातूची व्हिस्की, मिसळून बनवतात, आणि ते न्यूट्रल स्पिरिट मळीपासूनचं असू शकतं, म्हणजे साखर कारखान्यातून निघालेल्या मळीपासून. युरोपात अशा मालाला व्हिस्की म्हणून विकता येत नाही. ती वाईट असते असं मी म्हणत नाही, सोडा मारून गार गार प्यायला ठीक आहे, पण तिच्याशी स्मोकी माल्टची तुलना करत बसू नका, तो वेगळाच खेळ आहे. रंगावर तर मुळीच जाऊ नका, स्कॉचमध्येही कॅरॅमलचा रंग घालायला परवानगी आहे, त्यामुळे गडद म्हणजे जुनी हा समज सोडा.

आणि शेवटचं, बाटलीबंद कुठे झाली. हे किमतीसाठी फार महत्त्वाचं. ब्लेंडेड स्कॉच (माल्ट आणि इतर धान्यांची व्हिस्की मिसळलेली) टँकरने भारतात आणून इथे बाटल्या भरता येतात, टीचर्स, हंड्रेड पायपर्स, ब्लॅक अँड व्हाईट अशा बाटल्यांवर बॉटल्ड इन इंडिया दिसतं ते त्यामुळे. आतला माल स्कॉचच असतो, स्कॉटलंडमध्ये ओकच्या पिंपात किमान 3 वर्षं मुरलेला, फक्त खर्च कमी पडतो. सिंगल माल्ट स्कॉचला (एकाच कारखान्याची, फक्त माल्टची) मात्र ही सोय नाही. नोव्हेंबर 2012 पासून ती स्कॉटलंडमध्येच बाटलीबंद व्हावी लागते, त्यामुळे इथे येईपर्यंत अख्ख्या बाटलीवर कस्टम ड्युटी आणि वर राज्याचं उत्पादन शुल्क. म्हणून दुकानात ब्लेंडेड आणि सिंगल माल्टमध्ये जो मोठा फरक दिसतो तो सगळाच चवीतला फरक नसतो, बराचसा कराचा असतो. महाराष्ट्राने नोव्हेंबर 2021 मध्ये आयात स्कॉचवरचं शुल्क 300 टक्क्यांवरून 150 वर आणलं तेव्हा बाहेरच्या बाटल्या एकदम स्वस्त झाल्या, आणि जून 2025 मध्ये इथेच बनणाऱ्या, पण कागदोपत्री विदेशी मद्य म्हणवल्या जाणाऱ्या व्हिस्की-रमवरचं शुल्क वाढवलं, त्यामुळे दोन्हीतलं अंतर पूर्वीपेक्षा कमी झालंय. जुलै 2025 मध्ये ब्रिटनशी झालेल्या करारात कस्टम ड्युटी 150 वरून आधी 75 आणि दहा वर्षांत 40 टक्क्यांवर आणायचं ठरलंय, पण किमतीत राज्याच्या शुल्काचा वाटा मोठा आहे, तेव्हा ड्युटी अर्धी म्हणजे बाटली अर्ध्या किमतीत असं स्वप्न बघू नका.

किमतीची तुलना पेगवर करा, बाटलीवर नको

दुकानात 750 मिली, ड्युटी फ्रीमध्ये 1 लिटर, काही आयात बाटल्या 700 च्या. नुसते एमआरपी बघून तुलना केली की फसायला होतं. समजा एक बाटली 750 ची, 42.8 टक्के, 2,400 रुपये. तिच्यातून 30 चे 25 पेग निघतात, पेग 96 रुपयांना पडला. दुसरी 700 ची, 46 टक्के, 4,200 रुपये, तिचे 23 पेग आणि थोडी उरते, पेग साधारण 180. तिसरी दुबईहून येणाऱ्या चुलतभावाने आणलेली 1 लिटर, 40 टक्के, समजा 4,000 ला, पेग 120. आकडे उदाहरणाचे आहेत, तुमच्या गावच्या भावाने हिशोब करा. आता प्रश्न असा विचारायचा की 96 च्या पेगपेक्षा 180 चा पेग मला जवळपास दुप्पट आवडतो का? दुप्पट आवडत असेल तर खुशाल घ्या, थोडासाच जास्त आवडत असेल तर ती बाटली महिन्यातून एकदाची ठेवा आणि रोजच्याला पहिली. 46 टक्क्यांच्या बाटलीत पाणी थोडं जास्त मावतं हेही धरा, त्यामुळे ती दिसते त्याहून थोडी स्वस्त असते.

माझी शिडी

टीचर्स हायलँड क्रीम. लोक हिला काकांची दारू म्हणून नाक मुरडतात, पण हिच्या गाभ्याला आर्डमोरचा पीटेड माल्ट आहे, तो कारखानाच 1898 मध्ये टीचर्सच्या घराण्याने काढला. एवढ्या कमी पैशात खराखुरा पीटचा धूर देणारी दुसरी बाटली आपल्या दुकानांत मला तरी दिसत नाही. शेजारी त्याच आसपासच्या किमतीची जेमसन ठेवून प्या, ती आयरिश, तीनदा डिस्टिल केलेली, धूर अजिबात नाही, आणि मग धूर म्हणजे नेमकं काय ते जिभेला कळेल.

तिथून वर ब्लॅक लेबल, 12 वर्षांची, आत कॉल ईला आणि टॅलिस्कर दोन्ही आहेत. डबल ब्लॅक त्याहून स्मोकी पण किमतीत उडी, आणि तिच्यावर वय लिहिलेलं नसतं. मला विचाराल तर डबल ब्लॅकचे जास्तीचे पैसे वाचवून ते एका खऱ्या आयला माल्टमध्ये घालावेत, कसे ते खाली सांगतो.

मग आपले देशी सिंगल माल्ट. इथे मी पक्षपाती आहे. बंगळूरची अमृत 2004 मध्ये आधी ग्लासगोमध्ये विकायला गेली, स्कॉटलंडमध्ये जाऊन व्हिस्की विकायची म्हणजे हिंमतच. तिची फ्यूजन भारतीय सातू आणि स्कॉटलंडचा पीटेड सातू अशी मिळून बनते, 50 टक्के. नुसता धूर हवा असेल तर अमृत पीटेड. गोव्यात कुंकळ्ळीला पॉल जॉनचा कारखाना आहे, त्यांची एडिटेड हलक्या धुराची, बोल्ड पूर्ण धुराची, ब्रिलियन्स बिनधुराची, तिन्ही 46 टक्के. एकाच घरच्या तीन व्हिस्क्या, धूर शून्य, थोडा, भरपूर, तुलना शिकायला यापेक्षा चांगला संच नाही, शक्य असेल तर छोट्या बाटल्यांत मिळवा. इकडच्या उकाड्यात पिंपातून स्कॉटलंडच्या कितीतरी पट माल उडतो आणि मुरणंही भराभर होतं, त्यामुळे देशी माल्टवर वय नसेल किंवा कमी असेल तर नाक मुरडू नका.

सगळ्यात शेवटी एक आयला. आर्डबेग 10 किंवा लाफ्रॉएग 10. आर्डबेग 46 टक्के, म्हणून माझं मत तिला. एकच घ्या, पण आधी बारमध्ये 30 चा पेग घेऊन बघा, बारचा भाव जास्त असला तरी न आवडलेल्या अख्ख्या बाटलीपेक्षा स्वस्तच पडतो.

खरा फरक कळतो का, हे तपासा

हे सगळ्यात कामाचं आणि लोक हेच करत नाहीत. बाटली समोर दिसली की मेंदू आधीच निकाल देऊन टाकतो. म्हणून आंधळी चाचणी. तीन सारखे ग्लास घ्या, तोंडाला निमुळते असतील तर उत्तम, छोटे वाईनचे ग्लास चालतात, रुंद व्हिस्की ग्लासातून वास उडून जातो. मित्राला किंवा बायकोला स्वयंपाकघरात पाठवा, दोन ग्लासांत एकच व्हिस्की आणि तिसऱ्यात दुसरी, प्रत्येकी 15 मिली, कुठल्यात काय ते ग्लासच्या बुडाला चिठ्ठी चिकटवून लिहायचं. तुम्ही फक्त वेगळा ग्लास कुठला ते ओळखायचं. कुठली महाग, कुठली चांगली, ते नाही, फक्त वेगळा कुठला. नुसत्या अंदाजाने तिनात एकदा बरोबर येतंच, त्यामुळे एकदा जमलं म्हणून नाचू नका, दोन-तीन वेगवेगळ्या संध्याकाळी करा. एका बसणीत सहा-सात फेऱ्या केल्या तर शेवटी चाचणी तुमची होते.

टीचर्स विरुद्ध जेमसन कुणालाही ओळखता येईल. पण दोन स्मोकी ब्लेंडेड, एक दुसरीच्या दीडपट किमतीची, सोडा घातल्यावर वारंवार ओळखता येत नसतील तर निर्णय झाला, स्वस्तवाली घ्या. सोडा न घालता ओळखता येतात आणि घातल्यावर नाही, असंही होतं, मग तुम्ही ज्या पद्धतीने पिता त्याच पद्धतीने चाचणी करा ना, काचेच्या ड्रॉपरने पाणी टाकणाऱ्यांचं बघून काय उपयोग.

चाचणीच्या वेळी खोलीत उदबत्ती नको, हे मी गंभीरपणे सांगतोय, कासवछाप पण नको. चकण्यात खारे शेंगदाणे ठीक, चकली-फरसाण-सुकट सगळं नंतर, ठेचा तर दुसऱ्या दिवशी. आंधळी चाचणी नसेल, नुसतं चाखत असाल, तर बिनधुराची आधी, धुराची नंतर, उलटं केलं तर पुढच्या सगळ्या ग्लासांना धूरच लागत राहतो. मध्ये साधं पाणी, आणि नाक थकलं की स्वतःच्या मनगटाचा वास घ्या, नाक परत जाग्यावर येतं. नाक ग्लासात खुपसू नका, तोंड किंचित उघडं ठेवून दुरूनच हुंगा.

बर्फ चाचणीत नको, गारठ्याने वास दबतो. पाणी मात्र चमचाभर घालून बघाच. 2017 मध्ये स्वीडनच्या लिनेयस विद्यापीठातल्या दोघा संशोधकांनी कॉम्प्युटर सिम्युलेशन करून दाखवलं की पाणी घातल्यावर ग्वायाकॉलचे रेणू वर पृष्ठभागाकडे येतात. म्हणजे पाणी घालणारा अडाणी नाही, धूर त्याच्याच नाकाला आधी मिळतो.

घरचं डबल ब्लॅक

आता वर म्हटलं होतं ते. एक आर्डबेग किंवा लाफ्रॉएग एकट्याने प्यायला घेतली तर ती महिन्याभरात संपते आणि खिसा रडतो. पण धूर फोडणीतल्या हिंगासारखा आहे, चिमूटभर पुरतो. घरात जी कुठली साधी ब्लेंडेड स्कॉच आहे ती 50 मिली आणि त्यात आयला माल्ट 10 मिली, मोजून, औषधाच्या झाकणाने मोजलं तरी चालेल. ढवळा, पाच मिनिटं ठेवा, हुंगा. धूर कमी वाटला तर 12-13 मिलीपर्यंत जा, त्याच्या वर गेलं की मूळ व्हिस्की गायब होते. प्रमाण जमलं की एका रिकाम्या, धुऊन कोरड्या केलेल्या काचेच्या क्वार्टरमध्ये 150 आणि 30 असं भरा, बरोबर 180 होतं, आणि आठवडाभर कपाटात ठेवा, चव एकजीव होते. 750 च्या आयला बाटलीतून अशा 25 क्वार्टर निघतात. प्लास्टिकच्या बाटलीत करू नका, आणि क्वार्टरवर काय भरलंय ते लिहून ठेवा.

अट एकच, खाली घालायची व्हिस्की निदान स्कॉच असावी. न्यूट्रल स्पिरिटवाल्या स्वस्त व्हिस्कीत आयला ओतली की धूर वर वेगळा तरंगतो आणि खालून स्पिरिटचा जळजळीत झटका येतो, दोन्ही वाया.

सोड्याबद्दल. आपल्याकडे नव्वद टक्के लोक सोडा-पाणी घालूनच पितात असं मला वाटतं आणि त्यात लाज कसली. धूर सोड्यात टिकतो, शेरी वाईनच्या पिंपात मुरलेल्या व्हिस्कीची नाजूक फळं-मनुकांची चव टिकत नाही. म्हणून सोडेवाल्यांनी स्मोकी ब्लेंडेडवर पैसे घालावेत आणि महागडी शेरी कास्क सोडून द्यावी. 45 मिली टीचर्स, तिप्पट गार सोडा, लिंबाची साल पिळून, बास. लॅगावुलिनमध्ये कोक घालणारे लोकही जगात आहेत, त्यांचं त्यांना लखलाभ.

कुठून घ्यायची

लायसन्सवाल्या दुकानातून, बिल घेऊन, झाकणाचं सील शाबूत आहे ना ते तपासून. ड्युटी फ्रीचा माल आहे, अर्ध्या भावात देतो, असं सांगणारा माणूस प्रत्येक ऑफिसात एक असतो, त्याच्या बाटल्यांत काय असतं देव जाणे, मोठ्या ब्रँडच्या रिकाम्या बाटल्या परत भरायचा धंदा जोरात चालतो. म्हणूनच तुमच्या रिकाम्या बाटल्या भंगारात देताना लेबल खरवडून, झाकण मोडून द्या.

परदेशातून येणाऱ्याला माणशी 2 लिटर आणता येते, मग त्याला 1 लिटरची आयला सांगा, इथे सहज मिळणारी ब्लेंडेड नको. ड्युटी फ्रीमधल्या फक्त प्रवाशांसाठी काढलेल्या चकचकीत बाटल्यांवर बऱ्याचदा वय नसतं आणि टक्केही कधी कधी 40 च असतात, अशा टाळा, नेहमीची 10 वर्षांची घ्या. गोव्यात गेलात तर छोट्या बाटल्या घेऊन तिथेच चाखा, यादी बनवा, पण खंबे डिकीत भरून गोवा-महाराष्ट्र सीमेवरच्या इन्सुलीच्या तपासणी नाक्यावर यायचा उद्योग करू नका. फक्त गोव्यात विक्रीसाठी लिहिलेली बाटली महाराष्ट्रात सापडली तर गुन्हा आहे, आणि वाचलेले पैसे वकिलाकडे जातात.

बाटली उघडल्यावर उभी ठेवायची, आडवी नाही, आडवी ठेवली की दारू बुचाला लागून बूच खराब होतं. उन्हापासून लांब, फ्रिजच्या वर तर अजिबात नको, तिथे दिवसभर गरम असतं. उघडल्यावर आत हवा शिरते आणि सगळ्यात आधी धूरच उतरायला लागतो, त्यामुळे स्मोकी बाटली वर्षानुवर्षं शोकेसमध्ये जपून ठेवण्यात अर्थ नाही. अर्ध्याच्या खाली गेली की उरलेली छोट्या काचेच्या बाटलीत काठोकाठ भरून घट्ट झाकण लावा, म्हणजे पुढच्या पाहुण्यांपर्यंत धूर टिकेल.